वासराच्या वाटचं दूध

भाऊ,

पुढच्या आठवड्यात गडचिरोलीला एका पानावरून माझं भांडण होणार आहे, आणि त्याआधी मला ते तुमच्याशी करून घ्यायचं आहे. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मध्येच हात वर करून माझं वाक्य दुरुस्त करणार नाही, ही त्यातल्या त्यात सोय. पान पहिलीच्या पुस्तकातलं आहे. मराठी आणि माडिया शेजारी शेजारी ठेवून आम्ही काही शिक्षकांनी भामरागड-एटापल्लीकडच्या मुलांसाठी एक पुस्तक केलं आहे. त्यात 'पाल' या शब्दाला दोन चित्रं आहेत. एकीकडे भिंतीवरची पाल, दुसरीकडे गाय आणि तिला लुचणारं वासरू, कारण माडियात पाल म्हणजे दूध. समितीतल्या एका साहेबांनी ते पान बाजूला काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, एका शब्दाला दोन चित्रं कशी? मुलांचा गोंधळ होईल." मी म्हटलं, "मुलांचा नाही होणार सर, आपला होईल." ते हसले नाहीत. पान काढा, नाहीतर पुस्तक थांबेल, असा निरोप आला आहे. मी पान काढणार नाही. आज तुम्ही असता तर त्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला असता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि त्यांच्याआधी तुम्हीच मला म्हणाला असता, "नियम म्हणजे नियम."

तुम्हाला मी भाऊ म्हणते याचं आमच्याकडे कुणाला कधी काही वाटलं नाही. काका-आत्या तुम्हाला भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, "अगं, वडील की भाऊ, एकदा ठरव." मी तेव्हा रडले होते. आता विचार करते तर वाटतं, त्यांच्याकडे भाऊ एवढासाच होता, माझ्याकडे तो केवढा मोठा होता, आणि रडत मी होते. तुम्ही शिकवलेली लाज ती. रागावू नका. रागावलात तरी लिहिणार आहेच.

आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खाली शेणानं सारवलेली जमीन, वर कौलं, कोपऱ्यात तिवईवर माठ. मी बाहेरून खेळून आले आहे, घसा कोरडा पडला आहे, आणि मी म्हणते, "मले पाणी." तुम्ही माठाजवळच बसलेले आहात, पेला तुमच्या हातात आहे, भरलेला आहे. तुम्ही म्हणता, "मला." मी म्हणते, "हो, मलेच." तुम्ही पेला खाली ठेवता. "मला पाणी द्या, असं म्हण." हा खेळ नसायचा, भाऊ. म्हणेपर्यंत पाणी मिळायचं नाही. चुलीपुढून आई म्हणायची, "काऊन जी, पोरीले आधी पेऊ तं द्या. शुद्ध मंग होईल थे." आईला तुम्ही सुधारू शकला नाहीत. ती सिंदेवाहीकडची, आमच्याकडच्या बायांसारखी 'मी जातो, मी येतो' म्हणायची, आणि तुमच्या कपाळावर आठी चढली की म्हणायची, "तुम्ही शाळेत शुद्ध बोला जी. भाजी मले माह्या भाषेतच शिजवू द्या." तुम्ही तिच्यापुढे गप्प बसायचात आणि मग तो सगळा राग माझ्या 'ळ' आणि 'ण'वर निघायचा.

हे का, ते मला पुढे कळलं. आईनंच सांगितलं. ब्रह्मपुरीला शिकून तुम्ही पहिल्या मुलाखतीला गेलात, तर तुमच्या पहिल्याच वाक्यावर समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या वस्तीतले?" गाव नव्हतं विचारलं, वस्ती विचारली होती. तेव्हापासून तुम्ही ठरवलंत की आपल्या घरातलं कुणी तोंड उघडल्यावर ओळखू यायचं नाही. आजोबांनी चांद्याला दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते, तुम्ही 'मले' आणि 'काऊन' सोडलंत. तुम्हाला ती सारखीच सुटका वाटली असणार. मला ते समजतं. समजतं म्हणून पटलंच पाहिजे असं नाही. कारण मग तुम्ही एटापल्लीच्या पलीकडच्या त्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक होऊन आलात आणि पहिल्याच दिवशी फळ्याच्या वर लिहून घेतलंत, 'शाळेत मराठीतच बोलावे.' जे तुमच्याशी झालं, तेच तुम्ही जिभेवर जंगल घेऊन आलेल्या त्या लेकरांशी केलंत. तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नव्हती. आज बोलते.

पाचवीत माझ्या शेजारी बसायची ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. नदीपलीकडच्या गावातली, केसांत लाकडी फणी खोवलेली, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. तुम्ही तिला मठ्ठ म्हणायचात. ती मठ्ठ नव्हती, ती बंदीत होती. शाळा सुटली की आम्ही मोहाच्या झाडाखाली बसायचो आणि ती मला शब्द द्यायची, मी तिला द्यायचे. मी माझ्या पायाला हात लावला की ती म्हणायची, "काल." मी म्हणायचे, काल म्हणजे गेलेला दिवस. तिला हसू आवरायचं नाही. गेलेल्या दिवसानं कसं चालायचं? नार म्हणजे बाई, असं मी तिला तुमच्या कवितांच्या पुस्तकातून ऐटीत सांगितलं, तर ती म्हणाली नार म्हणजे गाव, आणि नदीपलीकडच्या तिच्या घराच्या दिशेनं हात केला. भिंतीवरची पाल दाखवून मी म्हटलं, पाल. तिनं मान हलवली, बोटांनी धार काढायची नक्कल केली आणि म्हणाली, पाल. मला वाटलं, झालं, दूध. एक शब्द आला, काम संपलं. भाऊ, मी त्या वयात तुमच्यासारखीच होते, एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवला की अर्थ आपोआप मागून येतो असं समजणारी.

आणि मग त्या वर्षी दुधाची भुकटी आली. ट्रकमधून डबे उतरवताना तुम्ही स्वतः हात लावत होतात, शिपायाला हात लावू देत नव्हतात, हे मला स्पष्ट आठवतं. तुमचा चेहरा असा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. सगळ्या मुलांना रोज सकाळी दूध मिळणार होतं. त्या दिवशी जेवताना तुम्ही आईला सांगत होतात, आणि मी ताटात मान घालून ऐकत होते. तुमचे वडील गावाची गुरं राखायचे. दिवसभर गाय त्यांची, पण धार काढायची वेळ झाली की त्यांनी गोठ्याबाहेर थांबायचं. ताक मिळायचं, तेही वरून ओतलेलं, भांड्याला भांडं लागू न देता. दुधाचा पेला तुमच्या हातात पहिल्यांदा कॉलेजात असताना आला आणि तो प्यायलात तेव्हा तुम्हाला ढवळून आलं, सवयच नव्हती म्हणून. "माझ्या शाळेतल्या एकाही मुलाची ही सवय चुकणार नाही," असं तुम्ही म्हणालात. आईनं तुमच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

सकाळच्या प्रार्थनेनंतर व्हरांड्यात रांग. मोठ्या पातेल्यात कालवलेलं दूध, वर गुठळ्या तरंगताहेत, हातात वाडगी. आणि एकही मूल पीत नाही. काही तोंडात घेतात आणि कुंपणापाशी जाऊन थुंकतात. लहानगे रडतात. रांगेतून दोनच शब्द येत राहतात, "पाल हिल्ले, पाल हिल्ले." दूध नको. तुम्ही सुरुवातीला समजावलंत, मग ओरडलात, मग म्हणालात, जो दूध पिणार नाही त्याला शाळेत जागा नाही. माझी मैत्रीण पातेल्यासमोर ओठ मिटून उभी आहे. तुम्ही विचारता, "का?" ती माडियात काहीतरी सांगते. तुम्ही म्हणता, "मराठीत सांग." ती शब्द शोधते आहे, आणि मला दिसतं आहे की तिला तो सापडणार नाही, कारण तुमच्या पुस्तकानं तिला गलबत शिकवलं होतं, कमळ शिकवलं होतं, वासरू शिकवलं नव्हतं. म्हणून मी मागून बोलले, "भाऊ, ती म्हणते, हे वासराचं आहे." पोरं हसली, मी शाळेत तुम्हाला भाऊ म्हटलं म्हणून. "गुरुजी म्हण," तुम्ही आधी तेवढं सुधारलंत. मग म्हणालात, "तिला सांग, हे डब्यातलं आहे. डब्याला वासरू नसतं." मी सांगितलं. तिनं डब्याकडे पाहिलं, डब्यावर गाईचं चित्र होतं, आणि तिनं मला जे विचारलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं, आठवतं? "मग त्या वासराचं काय झालं?"

तुम्ही म्हणालात, "रांगेत पुढे चला." तिच्या घरी गाई होत्या, भाऊ, तिच्या गावात सगळ्यांकडे होत्या, आणि कुणीही धार काढत नव्हतं. गाईला दूध येतं ते वासरासाठी, त्यात माणसाचा वाटा नाही, एवढी ती साधी गोष्ट. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, जसं दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही हे आपल्याला कुणी वेगळं शिकवत नाही. माझं 'दूध' आणि तिचं 'पाल' पातेल्यात एकच दिसत होतं, पण माझं पेल्याकडे निघालं होतं आणि तिचं वासराकडे.

मग तुम्ही गाय आणलीत. आलापल्लीहून, पगारातून, वासरासकट. तुमचं म्हणणं असं की डबा त्यांना परका वाटतो, डोळ्यांसमोर धार काढली, वासराचं पोट भरलेलं दाखवलं, की शंका मिटेल. मला अजून वाटतं, एवढा प्रामाणिक आणि एवढा चुकीचा बेत फक्त मास्तरच करू शकतो. सगळी शाळा मैदानात गोल बसवली. आई पदर खोचून चरवी घेऊन बसली. आधी वासरू सोडलं, ते ढुशा देत प्यायला लागलं, गाईनं पान्हा सोडला, आणि पोरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बघ, म्हटलं नव्हतं? आणि मग जे आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात होतं ते तुम्ही केलंत. पान्हा सुटताच वासराच्या गळ्यातलं दावं धरून त्याला आचळापासून ओढलंत आणि गाईच्या पुढ्यात खुंटीला बांधलंत, म्हणजे ती त्याला चाटत उभी राहील आणि आई धार काढेल. वासराच्या तोंडाला फेस होता. ते हंबरलं. आपल्याला त्यात काहीच दिसत नाही, आपण जन्मापासून पाहिलं आहे. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की पिणाऱ्याच्या तोंडातून कसं काढून घेतात, आणि आधी थोडं पाजतात ते कशासाठी.

ती उठली. सरळ चालत गेली आणि तिनं दावं सोडलं. तुम्ही तिचा दंड धरलात. मारलं नाहीत, हे मी सगळ्यांना सांगते, तुम्ही मारलं नाहीत. पण म्हणालात, "चालती हो." ती चालती झाली. तिच्यामागे तिच्या गावची आणखी पोरं उठली. दुपारपर्यंत वसतिगृहाचा अर्धा व्हरांडा रिकामा होता आणि चटया तशाच पसरलेल्या होत्या.

घरी मी जेवले नाही. तुम्ही म्हणालात, "तुला काय झालं?" मी म्हटलं, "ती आली नाही तर मीबी नाई जात शाळेत." तुम्ही 'मीही' म्हणून सुधारायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. मग म्हणालात ते मला पाठ आहे. "दूध नाकारायला आधी ते मिळावं लागतं. तुझ्या आजोबांना नाकारायचीही संधी नव्हती." आई म्हणाली, "अन् तिले भेटली आहे तं नाकारू द्या न जी." एवढ्या वर्षांत मला याच्यापेक्षा चांगलं उत्तर सुचलेलं नाही. पण तुमचं वाक्यही मी कधी खोटं पाडू शकले नाही. भाऊ, तुमच्या तोंडचं काढून घेतलं होतं हे खरं. म्हणून तिच्या तोंडात घालायचा हक्क तुम्हाला मिळाला, हे खरं नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला मला पुस्तकाचं एक पान पुरतं, आणि तुम्हाला एक जन्म पुरला नाही.

आठवडा झाला, पोरं आली नाहीत. मग रविवारी तुम्ही मला बरोबर घेऊन निघालात, कारण दुभाष्या म्हणून शाळेत दुसरं कुणी नव्हतं, आणि ज्या भाषेला तुम्ही दारात अडवलं होतं तिची तुम्हाला आता गरज पडली होती. हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. नदी उतरून आपण तिच्या गावात गेलो. तिच्या बापानं खाट टाकली, पानांच्या द्रोणात आंबील दिली. ती खांबाआड उभी होती, डोळे माझ्यावर. तुम्ही बोललात, केवढं सुंदर मराठी बोललात, शिक्षण, पोषण, भविष्य, एकेक शब्द धुऊन वाळवल्यासारखा. तिचा बाप मान हलवत ऐकत होता आणि त्यातलं काही त्याच्यापर्यंत जात नव्हतं. शेवटी तो त्याला येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाला, "गुरुजी, पोरगी हुशार आहे. थे मले म्हणते, शिकतो. पण पाल नाई पिनार." तुम्ही माझ्याकडे वळलात. "सांग त्यांना. शाळेत यायचं असेल तर दूध प्यावंच लागेल. नियम सगळ्यांना सारखा आहे."

आणि मी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते आणि मान वर करून सांगते, मी तुमचं वाक्य मोडून टाकलं. माझ्या मोडक्यातोडक्या माडियात मी म्हटलं, गुरुजी म्हणतात तिला पाठवा, पाल हिल्ले, दूध नाही. तिच्या बापानं माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही विचारलंत, "काय सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तेच." तुम्ही म्हणालात, "बरं." आंबिलीचा द्रोण तोंडाला लावलात आणि सगळी संपवलीत. ती घरात गेली आणि आपलं गाठोडं घेऊन आली. मला याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही, कोणी शंभरदा विचारलं तरी तेच सांगेन. एका मुलीची शाळा एका वाक्यावर टांगलेली होती आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं. तुमचं शुद्ध वाक्य मी चुकीचं पोचवलं म्हणून ती शिकली. सातवीपर्यंत आपल्याकडे, पुढे अहेरीला. आता ती नर्सबाई आहे, आपल्या शाळेच्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात, अजून चहा बिनदुधाचा पिते, आणि पुस्तकातलं ते चित्र तिच्या सांगण्यावरून बदललं आहे. आम्ही आधी नुसता पेला काढला होता. ती म्हणाली, "हे तुझं दूध झालं. पाल काढायचं असेल तर वासरू काढ."

सिरोंच्याकडच्या एक शिक्षिका आमच्या गटात आहेत, घरात तेलुगू बोलणाऱ्या. चित्र पाहून त्या म्हणाल्या, आमच्यात पालु म्हणजे दूध, आणि पालु म्हणजे वाटाही. मी तेव्हा तुमची आठवण काढली. एवढ्याशा शब्दात कुणाचं काय, कुणाच्या वाटचं काय, हा सगळा झगडा नदीच्या दोन्ही काठांनी भरून ठेवला आहे, आणि साहेब म्हणतात गोंधळ होईल. होऊ दे की. ज्या मुलाच्या घरी पाल म्हणजे दूध, त्याला पुस्तक उघडल्यावर आपली पाल भेटली पाहिजे. नाहीतर ते मूल पहिल्याच पानावर शिकतं की घरून आणलेलं सगळं चुकीचं आहे. ते तुम्ही शिकला होतात. मीही, तुमच्याकडून.

आता राहिलेलं. तिला घेऊन आपण परतलो, त्या सोमवारी सकाळी पुन्हा रांग लागली. तुम्ही पातेल्यापाशी नेहमीसारखे उभे होतात. माझा जीव मुठीत होता, कारण आता माझं खोटं उघडं पडणार होतं. ती पुढे आली, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला स्वयंपाकघरातली लाकडं ओली आहेत असं वाटलं. तुम्ही पाठ फिरवून स्वयंपाक्याला बोलायला लागलात, चांगलं खरमरीत. ती रिकामी वाडगी घेऊन पुढे गेली. मी सुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं ओली निघाली. तिसऱ्या दिवशीही. मग तिच्या मागची पोरंही त्या वेळेत पुढे सरकायला लागली. तो बिचारा स्वयंपाकी उन्हात वाळवलेली लाकडं आणून दाखवायचा आणि तुम्ही ऐकून घ्यायचा नाहीत. आपल्या गाईची धार आईनं काढायचीच सोडली आणि ते वासरू सगळं दूध पिऊन असं काही माजलं की आई म्हणायची, "शाळेत एकच इद्यार्थी नियम पाळून राह्यला."

मी ही गोष्ट खूप ठिकाणी सांगितली आहे. प्रशिक्षणात सांगते, सभांमध्ये सांगते. दहा वर्षांच्या पोरीनं मुख्याध्यापक बापाला फसवलं, असं सांगते, आणि लोक टाळ्या वाजवतात. पुढच्या आठवड्यात गडचिरोलीला साहेबांसमोरही तशीच सांगणार आहे. पण 'पाल हिल्ले' हे दोन शब्द त्या रांगेनं तुम्हाला रोज सकाळी ऐकवले होते. माडियातलं दुसरं काही तुम्हाला येत नसेल, ते येत होतं. त्या अंगणात मी ते तुमच्या शेजारी बसून मोठ्यानं बोलले, आणि तुम्ही विचारलंत, काय सांगितलंस, आणि म्हणालात, बरं.

हे मी कुणाला सांगत नाही, भाऊ. तुम्ही माझ्या बाजूचे होतात हे एकदा कबूल केलं, तर मी भांडू कुणाशी?